बांगडी वाढवली

माझा भाचा टोरांटोत वाढलेला. यंदा सुट्टीत आला होता. शेजारचे काका चहा पिऊन, "बरंय, येतो," म्हणत उठले. पाच मिनिटांनी बघते तर हा पठ्ठ्या दार उघडं धरून उभा. म्हणे, "काका येणार आहेत ना?"

हसून झालं, पण त्याला समजावताना माझीच दमछाक झाली. आपल्याकडे निघणारा माणूस "जातो" म्हणत नाही, कारण "गेले" हे आपण वारलेल्यांसाठी राखून ठेवलंय. दिवा विझत नाही, शांत होतो. देवापुढचा नारळ फोडत नाहीत, वाढवतात. खरोखर मेलेल्या माणसाला "मेला" म्हणायची कुणाची छाती होत नाही, आणि माझी मालवणची आजी मात्र जित्याजागत्या नातवाला दिवसातून दहा वेळा विचारायची, "मेल्या, जेवलंस काय?" भाच्याने हात टेकले.

इथपर्यंत गंमतच आहे. असल्या पोस्टी अधूनमधून फिरतात, खाली "आपली मराठी किती गोड!" वगैरे. मला मात्र तेवढ्यावर सोडवत नाही.

कारण बांगडी. शब्दकोशात वाढवणं म्हणजे मोठं करणं, जास्त करणं. मग फुटलेली बांगडी "वाढवली" कशी? तर नवरा गेला की बाईच्या बांगड्या फोडतात म्हणून. त्या एका प्रसंगाने तो शब्द असा काही विटाळला की भांडी घासताना काच तडकली तरी "फुटली" म्हणायची सोय उरली नाही. हा गोडवा नव्हे, धसका आहे.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र नि जोडवी काढणं, सगळं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही बाकीच्या गावांनी हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी वाचताना एक गोष्ट टोचली. मरणाला, दिव्याला, रात्री निघालेल्या सापालासुद्धा आपण आडून म्हणायचे शब्द शोधले. या एका विधीला कुणी मऊ शब्द शोधला नाही. तिथे सरळ "फोडणं"च.

बाबा गेले तेव्हा आम्ही बहिणींनी आईच्या हाताला कुणाला हात लावू दिला नाही. हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. गेल्या आठवड्यात कुकरचं झाकण लावताना त्यातली एक ओट्यावर आपटली.

"वाढवली गं," आई पटकन म्हणाली.

आता कुणासाठी, असं मनात आलं. जीभ आवरली नाही, विचारलंच.

तुकडे कागदात गोळा करत म्हणाली, "मग काय, फुटली म्हणू? असलं अभद्र बोलू नये. आणि तू चप्पल घालून ये आधी, काच लागेल."