कॅमेऱ्यांचे एकमत

एका महागड्या कॅमेऱ्याऐवजी अनेक स्वस्त कॅमेरे एका चौकटीत बसवावेत आणि उरलेले काम संगणकावर सोपवावे, ही कल्पना कागदावर इतकी निर्दोष दिसते की तिच्या नादी लागणाऱ्याला वेळीच कोणी अडवत नाही. शिवाय तिचे घराणेही मोठे आहे. छायाचित्रकार एडवर्ड मायब्रिज यांनी १८७८ साली धावत्या घोड्यासाठी कॅमेऱ्यांची रांग लावली होती. पुढे २००५ च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठातील शंभर साध्या कॅमेऱ्यांच्या ताफ्यापैकी ५२ कॅमेऱ्यांनी, प्रत्येकी सेकंदाला ३० चित्रे अशा बेताच्या गतीने पण ठरवून मागेपुढे टिपत, सेकंदाला १,५६० चित्रांची चित्रफीत घडवली. ५२ गुणिले ३० हा गुणाकार मलाही येतो, आणि तेवढ्याच पात्रतेवर मी कामाला लागलो.

दोन कॅमेरे विनातक्रार सुरू झाले. तिसऱ्याच्या वेळी संगणकाने ‘जागा शिल्लक नाही’ असे कळवले. डिस्क तर जवळजवळ रिकामी होती. संपली होती ती यूएसबीवरची वाट. ६४० बाय ४८० बिंदूंचे चित्र, प्रत्येक बिंदूस दोन बाइट आणि सेकंदाला ३० चित्रे, म्हणजे एकच कॅमेरा दर सेकंदाला सुमारे १८ मेगाबाइट ओततो, आणि यूएसबी २.० ची सेकंदाला ४८० मेगाबिटांची, म्हणजे ६० मेगाबाइटांची, वाट हिशेबात तिघांना पुरत असली तरी प्रत्यक्षात दोघांतच भरून जाते.

ही अडचण जास्तीचे संगणक मांडून सुटली, तेव्हा रंगांचा वाद उभा राहिला. समोरची पांढरी भिंत एकाला पिवळसर, दुसऱ्याला निळसर आणि तिसऱ्याला गुलाबी दिसत होती, आणि स्वयंचलित रंगसंतुलन चालू असेपर्यंत प्रत्येक जण आपल्या मतावर घरच्या वडीलधाऱ्यांसारखा ठाम होता. ते बंद केल्यावर वेळेचा घोळ निघाला. सर्वांसमोर एकदाच टाळी वाजवली, तर एकाच्या चित्रात हात जुळलेले आणि दुसऱ्याच्या चित्रात अजून निघालेलेच. त्यातून हे कॅमेरे चित्र एकदम न टिपता वरच्या ओळीपासून खाली वाचत येतात, त्यामुळे एकाच चित्राच्या वरच्या आणि खालच्या कडेचाही क्षण एक नसतो.

यापुढचे काम म्हणजे प्रत्येक कॅमेऱ्याची नेमकी जागा आणि दिशा मोजणे. त्यासाठी काळ्या-पांढऱ्या चौकटींचा सपाट फलक सर्वांसमोर निरनिराळ्या कोनांतून धरावा लागतो, आणि धरणाऱ्याने हलायचे नसते. हे काम पत्नीकडे होते. “अहो, आणखी किती वेळ?” या प्रश्नाला शास्त्रात उत्तर नाही.

अखेर तिला दाट पानांच्या कुंड्यांमागे उभे केले. प्रत्येक कॅमेरा वेगळ्या फटीतून डोकावतो. म्हणून सगळी चित्रे मागच्या माणसाच्या अंतरावर जुळवून त्यांची सरासरी काढली, की पुढची पाने धूसर होऊन विरतात. तशी ती खरोखरच विरली. मागची व्यक्ती इतकी स्वच्छ दिसू लागली की ती किती वैतागली आहे, याविषयी तरी सर्व कॅमेऱ्यांचे एकमत झाले.