‘उत्तर चुकलंय’ या प्रतिक्रियेला उत्तर: गोळा, नळी आणि साइन क्यूब

सर,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढली, तिसऱ्यांदा हसू आलं. हसू तुम्हाला नाही, मला स्वतःला आलं. का ते पुढे येईलच.

ज्यांनी मूळ लेख किंवा सरांची प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेखात मी डबल इंटिग्रेशनने, म्हणजे बारीक तुकड्यांची दोनदा बेरीज करून, घनफळ काढायचं एक जुनं गणित सोडवलं होतं. अ त्रिज्येचा गोळा आहे, क्ष² + य² + झ² = अ². त्यातून क्ष² + य² = अ·क्ष ही नळी आरपार जाते. नळीची त्रिज्या गोळ्याच्या निम्मी. तिची एक कड गोळ्याच्या केंद्रातून जाते आणि समोरची कड गोळ्याला आतून टेकते. दोघांत सामाईक असलेल्या भागाचं घनफळ किती? मी उत्तर दिलं होतं (२/३)अ³(पाय − ४/३), पाय म्हणजे π. सर बारा वर्षं क्लासमध्ये एम-टू, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं दुसरं गणित, शिकवतात. त्यांचं म्हणणं असं (थीटा म्हणजे क्ष-अक्षापासूनचा कोन; ऑड फंक्शन म्हणजे थीटाचं चिन्ह बदललं की ज्याचंही चिन्ह बदलतं ते): “उत्तर चूक आहे. थीटा उणे पाय बाय टू ते पाय बाय टू घ्या. साइन क्यूब हे ऑड फंक्शन, तो भाग शून्य होतो, उत्तर २पायअ³/३ येतं, दोन ओळींत. तुम्ही शून्यापासून सुरुवात करून चारने गुणत बसलात आणि तिथेच घोळ झाला. शिवाय परीक्षेत आकृत्या काढायला वेळ नसतो. लेखकाने आधी आपला एम-टू पक्का करावा, आणि इंटिग्रेशनला मराठी शब्द आहे तो वापरावा.”

शेवटचं आधी उरकतो. मराठी विश्वकोशात ‘अवकलन व समाकलन’ अशी नोंद आहे, शब्दही चांगले आहेत. पण हे गणित ज्यांना छळतं ती मुलं ‘डबल इंटिग्रल’, ‘लिमिट्स’ (इंटिग्रेशन कुठून कुठपर्यंत) आणि ‘केटी’ (मागे राहिलेला विषय) असंच बोलतात. मी त्यांच्यासाठी लिहितो, म्हणून त्यांचेच शब्द.

आता उत्तराकडे. इंटिग्रेशन बाजूला ठेवा आणि गोळ्याची त्रिज्या ४ सेंटिमीटर धरा. म्हणजे नळीची त्रिज्या २ सेंटिमीटर. गोळ्याची उंची ८ सेंटिमीटर, त्यामुळे सामाईक भाग कितीही ऐसपैस असला तरी ८ सेंटिमीटर लांबीच्या नळीत मावायलाच हवा. त्या नळीत किती मावतं? पाय गुणिले ४ गुणिले ८, म्हणजे साधारण १००.५ घनसेंटिमीटर. तुमच्या सूत्रात अ = ४ घाला. उत्तर येतं १३४. शंभराच्या नळीत तुम्ही एकशे चौतीस भरताय, सर. माझ्या सूत्राने ७७ येतात. ते बरोबर आहेत हे यावरून सिद्ध होत नाही, पण निदान नळीत मावतात तरी.

मग दोन ओळींत गेलं कुठे? आतलं इंटिग्रेशन आठवा. र म्हणजे मधल्या अक्षापासूनचं अंतर; त्याला वर्गमूळ (अ² − र²) ने गुणून शून्यापासून अ कॉस थीटापर्यंत इंटिग्रेट केलं की वरची लिमिट घालताना (अ² साइन² थीटा) याचा दीड घात येतो. इथे हात सवयीने अ³ साइन³ थीटा लिहून मोकळा होतो. खरं म्हणजे आधी वर्गमूळ, मग घन. आणि वर्गमूळ उणे नसतं. थीटा उणे असताना साइन थीटा उणे आहे, तेव्हा वर्गमूळ म्हणजे साइन नव्हे, साइनची चिन्ह काढून घेतलेली किंमत, म्हणजेच मॉड्युलस. म्हणजे ते फंक्शन ऑड नाहीच, इव्हन आहे: थीटाचं चिन्ह बदललं तरी तेच राहतं. ‘ऑड म्हणून शून्य’ हा शेरा जिथे मारला, तिथे मुळात ऑड फंक्शन नव्हतंच.

हे जवळून बघायचं तर एकच फाक घ्या. गोळ्याच्या मधल्या उभ्या अक्षापासून संत्र्याच्या फोडीसारख्या बारीक फाका पाडल्या आहेत असं समजा. फक्त वरचा अर्धा गोळा बघू आणि अ = १ धरू. नळीचा विचार न करता प्रत्येक फाकेचा हिस्सा, कोनाच्या एककामागे, १/३. आता नळीत आलेला भाग: थीटा ३० अंश असेल तर साइन १/२, त्याचा घन १/८, म्हणून हिस्सा (१/३)(१ − १/८) = ७/२४, म्हणजे ०.२९२. ठीक, पूर्ण फाकेपेक्षा थोडा कमी. आता उणे ३० अंशांची फाक. नळी क्ष-अक्षाच्या दोन्ही बाजूंना सारखीच पसरली आहे, म्हणजे ही फाक पहिलीचं आरशातलं रूप. हिस्सा तेवढाच यायला हवा. पण साइनचं उणे चिन्ह तसंच ठेवलं तर येतं (१/३)(१ + १/८) = ३/८, म्हणजे ०.३७५. अख्खी फाक ०.३३३ आणि तिचा नळीत सापडलेला तुकडा ०.३७५! फोडीपेक्षा फोडीचा तुकडा मोठा. मग उजवीकडची तूट आणि डावीकडची ही खोटी वाढ एकमेकांना खाऊन टाकतात आणि शेवटी स्वच्छ, गोंडस २पायअ³/३ उरतं. उत्तर इतकं देखणं आहे की संशयच येत नाही.

मला हसू का आलं ते आता सांगतो. पहिल्या वर्षाला असताना मी हेच उत्तर लिहिलं होतं. अगदी हेच, ‘ऑड फंक्शन, हेन्स झिरो’ खाली दोन रेघा मारून. ज्या गाइडमधून पाठ केलं होतं त्यातही तेच होतं. नाव घेत नाही, पण पान अजून डोळ्यासमोर आहे. तपासणाऱ्यांनी वहीवर शेरा मारला होता: “बेटा, अर्धा गोळा नळीत गेला?” तो वाचून मला काहीच कळलं नव्हतं. घरी येऊन भागाकार केला तेव्हा कळलं. २पायअ³/३ म्हणजे पूर्ण गोळ्याच्या, ४पायअ³/३ च्या, नेमका निम्मा. निम्म्या जाडीची नळी, तीही मध्यातून नव्हे तर एका बाजूने घातलेली, आणि निम्मा गोळा गिळणार? खरं उत्तर गोळ्याच्या २८.८ टक्के आहे.

परवा तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी हे करूनही पाहिलं. वेडेपणा आहे, मान्य. मोठा नवलकोल आणला, सोलून होईल तेवढा गोल केला. वजन भरलं २९० ग्रॅम. चार सेंटिमीटर आतल्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतला, कड पॉलिश पेपरवर घासून धार आणली आणि एक कड मध्यातून जाईल अशी ठोकून आरपार घातली. आतून निघालेला गाभा ८१ ग्रॅम. म्हणजे साधारण २८ टक्के. पाइपाच्या जाडीत थोडा चुरा गेला, नवलकोल काही आदर्श गोळा नव्हता, आणि स्वयंपाकघरातला काटा म्हणजे प्रयोगशाळा नव्हे. तरी निम्मे, म्हणजे १४५ ग्रॅम, काही केल्या येत नाहीत. उरलेल्याची भाजी झाली. हरभऱ्याची डाळ घालून.

एवढ्यावरही शंका असेल तर आणखी एक बघा, मला हे सगळ्यांत आवडतं. तशीच दुसरी नळी केंद्राच्या पलीकडच्या बाजूला घाला, क्ष² + य² = −अ·क्ष. दोन्ही नळ्या मधल्या अक्षावर एकमेकींना नुसत्या टेकतात. तुमचं उत्तर खरं असेल तर दोघी मिळून २ × २पायअ³/३ = ४पायअ³/३ नेणार. म्हणजे पूर्ण गोळा संपला, चिमूटभरही उरला नाही! पण य-अक्षावरचा गोळ्याचा सगळा भाग नळ्यांच्या बाहेरच आहे, तो कुठे जाईल? माझ्या उत्तराने वजाबाकी करा: पायवाले दोन्ही भाग उडतात आणि उरतं १६अ³/९. त्रिज्या ४ असेल तर ११३.८ घनसेंटिमीटर. गोळा आणि नळ्या अशा गोल वस्तूंतून घडलेला भाग, आणि त्याच्या घनफळात पायचा मागमूस नाही.

ही गंमत मी शोधलेली नाही. गॅलिलिओचा शेवटचा शिष्य म्हणवून घेणाऱ्या विव्हियानीने १६९२ मध्ये युरोपातल्या गणितींना एक कोडं घातलं होतं: अर्धगोल घुमटाला चार सारख्या खिडक्या अशा पाडा की उरलेल्या पृष्ठभागाइतका चौरस नेमका काढता येईल. जर्मन गणिती लायब्निट्झने ते त्याच वर्षी सोडवलं. या दोन नळ्यांनी अर्धगोलातून जे उरतं त्याचं क्षेत्रफळ ४अ², म्हणजे व्यासावरचा चौरस. तिथेही पाय नाही. गोळा आणि नळी जिथे छेदतात त्या आठच्या आकाराच्या वक्राला आजही विव्हियानीचंच नाव आहे. मूळ लेखात हे घ्यायचं राहून गेलं होतं. तुमच्यामुळे आलं.

आता आकृत्यांबद्दल. तुमचा मुद्दा पूर्ण खोटा नाही. क्ष/अ + य/ब + झ/क = १ हे प्रतल आणि तीन निर्देशांक प्रतलं (क्ष = ०, य = ०, झ = ०) यांच्यामधलं घनफळ अबक/६ येतं. तिथे कुणी आकृती काढली नाही म्हणून काही बिघडत नाही, लिमिट्स समीकरणातच लिहिलेल्या असतात. मीही काढत नाही. पण वर्गमूळ, मॉड्युलस, किंवा पृष्ठभाग प्रतलाच्या खाली जाणं यातलं काही आलं की न बघता केलेलं गणित फसवतं. झ = क्ष·य हा पृष्ठभाग आणि झ = ० हे प्रतल यांच्यामधलं घनफळ एकक त्रिज्येच्या वर्तुळावर काढा. नुसतं इंटिग्रेट केलंत तर उत्तर शून्य, कारण दोन चरणांत पृष्ठभाग वर आहे आणि दोन चरणांत खाली. पण मधे माती भरायची असेल तर लागणारी माती शून्य नाही, अर्धा घनएकक आहे. इंटिग्रलने शून्य सांगितलं ते खरंच आहे, आपण विचारलं वेगळंच होतं.

आणि हो, ‘चारने गुणत बसलात’ याबद्दल. ते चार सूत्रातून आलेले नाहीत, ठोकळ्यातून आलेले आहेत: वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, उजवा आणि डावा. शून्य ते पाय बाय टू मध्ये साइन धनच असतो, त्यामुळे मॉड्युलसची भानगडच येत नाही. आकृती मनात ठेवून सिमेट्री वापरायची ती यासाठी. पाच मार्कांच्या प्रश्नात त्याला अर्धा मिनिट लागतो. सबंध आकृती नको, क्ष-य प्रतलातलं एक छोटं वर्तुळ पुरे.

पण एका बाबतीत चूक माझी आहे आणि ती तुम्ही अचूक पकडलीत, भले दुसऱ्या शब्दांत. लेखात मी ‘सिमेट्रीमुळे ४ पट’ एवढंच लिहून पुढे गेलो. जिथे निम्मी पोरं घसरतात त्याच पायरीवर मी दिवा लावला नाही, कारण मला वाटलं ते उघड आहे. उघड असतं तर पहिल्या वर्षाला मी त्याखाली दोन रेघा मारल्या नसत्या. शिवाय नळीच्या तळाच्या वर्तुळाचं केंद्र मी (अ, ०) लिहिलंय. ते (अ/२, ०) हवं. ही टायपिंगची चूक म्हणून सोडता आली असती, पण तुमच्यासारखा वाचक तिथेच ‘यालाच काही येत नाही’ असा निष्कर्ष काढणार, आणि तो वाजवी आहे.

एक विनंती मात्र करतो. तुमच्या क्लासच्या नोट्समध्ये हे गणित २पायअ³/३ असं असेल तर या बॅचला ते मुलांकडूनच पकडून घ्या. उत्तर फळ्यावर लिहा आणि विचारा, ८ सेंटिमीटरच्या नळीत किती मावतं. पहिल्या बाकावरचं कुणीतरी कॅल्क्युलेटर काढेलच. नंतरचा गोंधळ मला ऐकायला आवडला असता.

मूळ लेखात दुरुस्ती केली आहे. केंद्र बदललं आहे, चार पटीच्या पायरीवर तीन ओळी वाढवल्या आहेत आणि दोन नळ्यांचं १६अ³/९ शेवटी जोडलं आहे. जुनी ओळ काढून न टाकता खोडून ठेवली आहे, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला ती कशाबद्दल होती ते कळेल.