पंप मोजू नका, गिऱ्हाईक मोजा

इंग्लंड फिरायला येणारी आपली मंडळी पबचं विचारतात तेव्हा प्रश्न ठरलेला असतो. "इथला सगळ्यात जुना पब कुठला?" नाहीतर, "सगळ्यात जास्त प्रकारच्या बिअर कुठे मिळतात?" कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी पारंपरिक इंग्रजी बिअर, प्यायची असेल तर हे दोन्ही प्रश्न बिनकामाचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. विचारायचं ते एवढंच, की इथल्या लोकांची गर्दी कुठे असते आणि ती काय पिते?

कारण सांगतो. कास्क एल ही पिंपात जिवंत असते. ब्रुअरीतून निघताना ती गाळलेली नसते, पाश्चराइज केलेली नसते, यीस्ट आतच असतं. उरलेलं आंबवणं पबच्या तळघरात होतं आणि तिथून ती हातपंपाने ओढून वर येते. तळघर 11 ते 13 अंशांवर ठेवतात, त्यामुळे ग्लास गारसर असतो, बर्फगार नाही. "इंग्रज कोमट बिअर पितात" हे आपल्याकडचं पेटंट वाक्य, पण कोमट एल मिळाली तर इंग्रज माणूसही ती परत करतो.

पिंप एकदा उघडलं की आत हवा शिरते, आणि साधारण तीन दिवसांत ते संपवावं लागतं. नेहमीच्या पिंपाला फर्किन म्हणतात, त्यात 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास) मावतात. आता हिशोब करा. काउंटरवर बारा पंप चालू असतील तर तीन दिवसांत 864 पाइंट खपायला हवेत. मंगळवारी दुपारी आत चारच टाळकी बसली असतील तर तुमच्या ग्लासात काय येणार? आंबूस, मेलेलं पाणी. त्यापेक्षा तीनच पंप असलेला, पण भरलेला पब शंभर पटींनी बरा. दुपारी एकलाच "मिसळ संपली"ची पाटी लावणाऱ्या हॉटेलवर आपण जसा डोळे मिटून विश्वास टाकतो, तसंच हे. पंपावरचं बिअरच्या नावाचं लेबल उलटं फिरवलेलं दिसलं की ती बिअर संपली असं समजायचं. अशी एक-दोन उलटी लेबलं दिसली की मी निर्धास्त होतो.

कुठल्या शहरात जावं म्हणाल तर मी शेफील्ड सांगेन. लंडन नाही, यॉर्क तर नाहीच. यॉर्क सुंदर आहे, पण तिथे शनिवारी पबमध्ये उभं राहायलासुद्धा नशीब लागतं.

शेफील्ड हे उत्तर इंग्लंडमधलं पोलादाचं शहर. भट्टीपुढे घाम गाळणाऱ्यांची तहान भागवणाऱ्या मोठ्या ब्रुअऱ्या इथे होत्या; त्यांतल्या स्टोन्स आणि वॉर्ड्स या दोन्ही 1999 साली बंद झाल्या. पण त्याआधीच, 1981 साली, डेव्ह विकेट आणि एका भागीदाराने केल्हम आयलंड भागातला एक पब विकत घेऊन 'फॅट कॅट' सुरू केला. शहरातले बहुतेक पब तेव्हा मोठ्या ब्रुअऱ्यांच्या मालकीचे होते, म्हणजे मालक सांगेल तीच बिअर विकायची. यांनी मात्र लहान ब्रुअऱ्यांच्या बिअर आणून विकल्या. पुढे 1990 साली शेजारीच स्वतःची ब्रुअरी काढली आणि तिच्या 'पेल रायडर'ने 2004 साली ब्रिटनच्या सर्वोत्तम बिअरचा किताब मारला. आज त्या परिसरात चालत चालत चार-पाच उत्तम पब होतात. रसेल स्ट्रीटवरच्या 'केल्हम आयलंड टॅव्हर्न'ला 2008 आणि 2009 अशी लागोपाठ दोन वर्षं 'काम्रा'ने देशातला सर्वोत्तम पब ठरवलं. ('काम्रा' म्हणजे 1971 साली चार मित्रांनी सुरू केलेली, खऱ्या एलसाठी, म्हणजे कास्क एलसाठी, भांडणारी संघटना.) तिथे पंपांची रांगच आहे, पण खपही तसाच आहे. ट्रामने शेल्समूरला उतरा. आणि आधी शेजारच्या संग्रहालयात 12,000 अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन चालू असताना बघून घ्या, नंतर लक्ष लागणार नाही.

वेळच नसेल तर रेल्वे स्टेशन सोडायचीही गरज नाही. प्लॅटफॉर्मलगत 'शेफील्ड टॅप' आहे. जुन्या काळची स्टेशनातली उपाहारगृहाची खोली, वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली, ती दुरुस्त करून 2009 साली पब सुरू केला. टाइल्स आणि छत बघतच राहावं असं आहे. गाडी चुकली तर जबाबदारी तुमची.

या भागात पहिल्यांदा काय मागवावं? 'जयपूर'. हसू नका. बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीची ही आयपीए (इंडिया पेल एल, फिकट रंगाची कडवट एल) 2005 पासून निघते, अल्कोहोल 5.9 टक्के आहे, म्हणून अर्ध्या पाइंटनेच सुरुवात करा. हीच बिअर गॅसवाल्या नळातूनही मिळते, तेव्हा हातपंपाकडे बोट दाखवून मागा. बारवाला पंपाचा दांडा दोन-तीनदा सावकाश ओढतो, ग्लासात आधी सगळा ढगाळ गोंधळ उडतो, मग खालून वर पिवळी नितळ होत जाते आणि वर साईसारखा फेस राहतो. उत्तरेत तोटीला बारीक भोकांची टोपी लावतात, त्याने हा फेस येतो. दक्षिणेतल्या लोकांना ते पटत नाही. मी उत्तरेच्या बाजूचा.

बाकी रिवाज सोपे आहेत. टेबलवर बसून वेटरची वाट पाहू नका, काउंटरवर जा. आधी घोटभर चव मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. बिअर व्हिनेगरसारखी लागली तर शांतपणे सांगा, चांगला पब बदलून देतो. हुज्जत घालणारा पब असेल तर तो तुमचा नव्हेच.

आता एक नाजूक मुद्दा. एल नितळ व्हावी म्हणून बऱ्याच ब्रुअऱ्या पिंपात आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून बनवतात. पालघरचे कोळी घोळ माशाचा जो 'बोत' सोन्याच्या भावाने विकतात, त्याच जातीची वस्तू. पुण्याहून आलेल्या आमच्या काकांना, मांस-मासे अजिबात नाही पण बिअर चालते अशा काकांना, हे मी पहिल्या पाइंटनंतर सांगितलं. ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग बारवर जाऊन त्यांनी आपल्या इंग्रजीत चौकशी केली, आयसिंग्लास न घातलेली एक गढूळ पेल एल मिळवली, आणि येऊन बसताना शेजारच्या टेबलावरच्या 'पोर्क पाय'पासून, म्हणजे डुकराचं मांस भरलेल्या कणकेच्या पायपासून, खुर्ची हातभर लांब सरकवली.