हो, त्या व्हिडिओतली चहावाली बाई मीच

सकाळपासून ११ जणांनी मला माझाच व्हिडिओ पाठवलाय. २२ सेकंदांचा आहे. रक्तपेढीची खिडकी, आत मी, हातात कान तुटलेला कप, अन् मागून आवाज, "बघा, पेशंट तिकडं मरायलंय अन् मॅडम इथं चहा ढोसायलेत." खाली एकानं लिहिलंय, "सरकारी जावई." अरे, निदान सून तरी म्हण.

आता ऐका. लॅबमध्ये खायला-प्यायला बंदी असते, म्हणून मी कप घेऊन बाहेर खिडकीपाशी आले आणि म्हणूनच सापडले. नियम मोडून आत मशीनमागं बसून प्यायले असते तर आज मला कुणी ओळखलंही नसतं. आणि मी चहा पीत होते तेव्हा व्हिडिओ काढणाऱ्याच्याच बहिणीचं क्रॉसमॅचचं कार्ड इनक्युबेटरमध्ये होतं. क्रॉसमॅच म्हणजे पेशंटचं रक्त अन् पिशवीतलं रक्त एकमेकांशी जुळतं का ते बघायची तपासणी. ३७ अंशांवर १५ मिनिटं. मग सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवायच्या मशीनमध्ये, १० मिनिटं. मी समोर हात जोडून उभी राहिले तरी ते १५ चे १४ होत नाहीत.

"ग्रुप जुळला ना मॅडम, मग द्या की पिशवी!" हे रोजचं. पोरीच्या लग्नात ३६ गुणांसाठी चार गुरुजी फिरणारे लोक हे म्हणतात. रास जुळली म्हणून कुणी लगेच मांडव घालतं का?

मला अशा वेळी एक रात्र आठवते. नोकरीला लागून चारच महिने झाले होते. लेबर रूममधून सॅम्पल आलं, बाळंतिणीचं, रक्तस्राव सुरू. बरोबर दीर. पहाडी आवाजाचा माणूस, खिडकीच्या काचेवर थाप मारून बोलणारा. मी ग्रुप केला, बी पॉझिटिव्ह आला. पिशव्या होत्या. हात फ्रिजकडं गेलाच होता. पण आमचे जुने सर एक सवय लावून गेले होते, आधी कधी रक्त दिलंय का ते रजिस्टरमध्ये बघायचं. बघितलं. सातव्या महिन्यात तिला एक पिशवी दिलेली होती. ओ पॉझिटिव्ह.

माणसाचा ग्रुप दोन महिन्यांत बदलत नाही. मी दुसरं सॅम्पल मागितलं. त्या दिरानं माझ्या सात पिढ्या काढल्या. वॉर्डातला इंटर्न फोनवर ओरडला. मी रडत होते, खोटं कशाला सांगू, पण पिशवी दिली नाही. नवं सॅम्पल आलं, ओ. शेजारच्या दोन खाटांवर एकाच नावा-आडनावाच्या दोन बायका होत्या, अन् घाईत नळी दुसरीची भरली होती. ओ ला बी चढवलं तर थोड्याशा रक्तानंही अंगातल्या पेशी फुटायला लागतात, लघवी लाल होते, किडनी जाते, माणूसही जातो.

बाई बाळ घेऊन घरी गेली. पेढे लेबर रूमला वाटले. रक्तपेढीला पेढे कुणी देत नाही, आमची सवय आहे.

आता सांगा, त्या रात्री त्या दिराच्या हातात आजच्यासारखा मोबाईल असता तर? २२ सेकंदांत काय दिसलं असतं? बाळंतीण रक्तात पडलीय अन् ही बया रजिस्टर चाळतेय.

हो, आमच्यातले काही जण खेकसतात. हो, रात्री फोन वाजत राहतो. मान्य. आणि खरंच क्षणाचाही वेळ नसेल तर डॉक्टर जबाबदारीची सही करून क्रॉसमॅच न करता रक्त मागू शकतात, आम्ही देतो. व्हिडिओ काढणाऱ्याच्या फॉर्मवर ती सही नव्हती. 'अर्जंट' लिहिलं होतं. 'अर्जंट' आमच्याकडं प्रत्येक फॉर्मवर असतं.

व्हिडिओ काढणाऱ्याबरोबर सहा मित्र होते, धडधाकट. कुणी रक्त देता का विचारलं, तर एकाला गाडी काढायची आठवण झाली, एकाला उपवास. हेच सहा जण साहेबांच्या वाढदिवसाला शिबिरात पहिले असतात, तिथं हेल्मेट मिळतं. एका दिवसात शेकड्यांनी पिशव्या अन् मे महिन्यात कॉलेजं बंद झाली की फ्रिजची फळी रिकामी. साध्या पिशवीतलं रक्त ३५ दिवस टिकतं, प्लेटलेट्स ५ दिवस. वाढदिवस वर्षातून एकदा येतो.

आणि ज्यांना खरंच द्यायचंय त्यांना परत पाठवावं लागतं. ऊसतोडीवरून परत आलेल्या बायका जयंतीच्या शिबिरात रांगेत उभ्या राहतात, "बाबासाहेबांच्या नावानं माझं बी घ्या." बोटाला सुई टोचायची अन् हिमोग्लोबिन बघायचं. १२.५ लागतं. निघतं ९, कधी ८. "मावशी, तुम्हालाच लागतंय रक्त" म्हणून लोहाच्या गोळ्या हातावर ठेवायच्या. तिचा पडलेला चेहरा बघायचा. त्याचा व्हिडिओ काढा कुणीतरी.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या पोराचंही खरं आहे. बहिणीचं हिमोग्लोबिन ५, गावाहून जीपनं आणलेली, तीन रात्री व्हरांड्यात झोपलाय. सॅम्पलची नळी मुठीत इतकी घट्ट धरून आणली होती की लेबल घामानं भिजलं होतं. मी ते वाळवून वाचलं, नाव-नंबर फॉर्मशी दोनदा ताडून बघितला. त्या रात्रीपासून मी सगळंच दोनदा वाचते, बसचा बोर्डसुद्धा.

संध्याकाळी तो दुसऱ्या पिशवीसाठी आला. मला बघून मान खाली. "किती वेळ लागंल?" "अर्धा तास. तवर जेवून ये." गेला नाही, बाकड्यावर बसला. व्हिडिओ त्यानं अजून डिलीट केलेला नाही, आत्ताच बघितलं.

आईचाही फोन येऊन गेला. तिनं तो चारदा पाहिलाय. म्हणाली, "घरात एवढे कप पडलेत अन् तू काहून गं असल्या फुटक्या कपात चहा पितीस चारचौघांत?"