पायातली गाठ, पोटातली जाळी आणि ग्रुपवरचं तेल

आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली की डॉक्टर पोटात जाळी टाकतात, हा निव्वळ धंदा आहे, ती जाळी जन्मभर आत सडते, त्यापेक्षा मोहाच्या कोमट तेलानं पाय जोरात चोळा, गाठ फुटून जाते, आणि जाळी टाकलीच असेल तर रक्त पातळ करायच्या गोळ्या बंद करा. मी मेडिकल चालवतो, डॉक्टर नाही. पण परवा एक भाऊ उरलेल्या गोळ्या परत करायला आला, तेव्हा गप्प बसवेना.

आधी तेलाचं, कारण त्यातच जीव जायचा धोका आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे शेकतो, चोळतो, ते ठीक. खोल शिरेतली ताजी गाठ चोळली तर ती फुटून जात नाही, सुटू शकते. सुटली की रक्ताबरोबर वर निघते: मांडीतून पोटातल्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयाच्या उजव्या बाजूला आणि मग फुप्फुसात. तिथं मोठी वाहिनी तुंबली तर दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळत नाही.

जाळी बसते ती याच वाटेवर, पोटातल्या त्या मोठ्या शिरेत, बहुतेक वेळा मूत्रपिंडाच्या शिरा जिथं मिळतात त्याच्या जरा खाली. संत्र्याच्या बागेत ठिबकला फिल्टर असतो, पाणी जाऊ देतो, कचरा अडवतो, तसंच. फरक एवढाच की हा फिल्टर कुणी उघडून धूत नाही. अडकलेली गाठ शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. बसवतात मानेच्या किंवा जांघेच्या शिरेतून, तेवढाच भाग बधिर करून. पोट फाडत नाहीत.

मग धंदा म्हणायचा का? इथं मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप देतो. ज्याला रक्त पातळ करणारं औषध चालतं, त्याला सहसा जाळी लागतच नाही. फ्रान्समधल्या एका अभ्यासात, 2015 साली, असं औषध चालू असलेल्या रुग्णांना वरून जाळी बसवून जास्तीचा फायदा दिसला नाही. पण ट्रॅक्टर उलटून डोक्यात रक्तस्राव झालाय, आणि त्याच माणसाच्या मांडीत गाठ सापडलीय, तर? पातळ करणारं औषध दिलं तर डोक्यातला रक्तस्राव वाढतो, नाही दिलं तर गाठ सुटायची भीती. जाळी आहे ती अशांसाठी. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘माझ्या पेशंटला औषध काहून चालत नाही?’ उत्तर पटेल असं मिळालं पाहिजे.

सडण्याचं म्हणाल तर हा धातू सडत नाही. खरी अडचण वेगळी आहे. जाळी वर्षानुवर्षं राहिली तर सरकू शकते, तिचा पाय, म्हणजे जाळीची एखादी तार, मोडू शकतो, शिरेच्या भिंतीत रुतू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2010 मध्ये आणि पुन्हा 2014 मध्ये सांगितलं की काढता येण्याजोगी जाळी गरज संपताच काढावी. आपल्याकडे घोडं इथंच अडतं. जाळी नागपुरात बसते, पेशंट गावी येतो, कापसाची वेचणी सुरू होते, फाइल पिशवीत घालून खुंटीला टांगली जाते. तारीख निघून जाते, आणि जाळी जितकी जुनी तितकी काढायला अवघड. बसवली त्याच दिवशी काढायची तारीख फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून मागा.

आता गोळ्या. जाळी वर जाणारी गाठ अडवते, पायात नवी गाठ होणं थांबवत नाही. उलट 1998 च्या एका अभ्यासात 400 रुग्णांपैकी जाळीवाल्यांत फुप्फुसातल्या गाठी सुरुवातीला कमी दिसल्या, पण दोन वर्षांत पायातल्या गाठी पुन्हा होण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणून रक्तस्रावाचा धोका टळला की डॉक्टर, जाळी असली तरी, गोळ्या सुरू करतात. त्या भावाच्या गोळ्या मी परत घेतल्या नाहीत. त्याच्या डॉक्टरांना फोन लावून फोन त्याच्याच हातात दिला.