तडस लागू न देण्याचे खात्रीचे उपाय

सणाच्या जेवणाला जाताय? मग बेताचं कसं जेवावं, हे माझ्याकडून ऐकून घ्या. गेल्याच आठवड्यात एका नातेवाइकांकडे जेवून आलोय आणि अजून पँटचं वरचं बटण लागत नाही. यापेक्षा मोठा अधिकार कुणाचा असणार?

पहिलं म्हणजे सकाळपासून काही खाऊ नका. दुपारी चंगळ आहेच, तर पोटात जागा करून ठेवावी, हे तुमचं गणित अगदी बरोबर. रिकाम्या जठरातून घ्रेलिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मेंदूला भुकेची वर्दी देतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते 1999 साली शोधलं, तुमच्या पोटाला आधीपासूनच ठाऊक होतं. उपाशी राहा. 'दोन वाजता पानं घेऊ' म्हणून साडेतीनला जेवण वाढलं जाईल, तेव्हा समोर आलेल्या पहिल्या तळणावर तुम्ही अत्यंत संयमाने तुटून पडाल.

ताटली छोटी घ्या. ढीग उंच रचता येतो.

सावकाश चावून जेवा, हा तर डॉक्टरी सल्ला. जठर ताणल्याची खबर मज्जातंतूंकडून आणि आतड्यातल्या संप्रेरकांकडून मेंदूला पोचायची, मग पोट भरल्याचं आपल्याला नीट जाणवायचं, यात साधारण 20 मिनिटं जातात. तुम्ही चावत बसा. तोवर वाढणाऱ्यांच्या फेऱ्या चालूच असतात. ताट भरलेलं दिसलं तर 'आवडलं नाही वाटतं', रिकामं दिसलं तर 'लाजू नकोस'. शिक्षा दोन्ही गुन्ह्यांना तीच.

'पोट भरलं तरी गोडाला जागा असते,' या काकूंच्या सिद्धान्ताला हसू नका. एका चवीचा कंटाळा आला तरी दुसरी चव समोर आली की खाण्याची इच्छा पुन्हा जागी होते. भुकेवर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे 1980च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवून दिलंय. पदार्थ जितके जास्त, तितकं पोटात जास्त. तेव्हा सणाला मोजून दोन पदार्थ करा, असं यजमानांना सुचवा. सुचवून झालं की कसे आहात ते कळवा.

आता रामबाण उपाय. सरळ 'नको' म्हणायचं.

मी म्हणालो. ताटावर हात आडवा धरून म्हणालो. आत्याने माझं मनगट दोन बोटांनी उचललं, भिंतीवरचं कॅलेंडर सरकवावं तसं बाजूला केलं आणि मोकळ्या जागेत डावभर गोड ओतलं. थोडं माझ्या अंगठ्यावर सांडलं. 'चाटून टाक, वाया घालवू नकोस.' मग एकामागून एक सुरू. मी पहाटे उठून केलंय. माझी शपथ आहे. एवढ्याने काय होतंय. उरलं तर कोण खाणार? कोण खाणार म्हणजे? टोप चढवताना माणसं मोजली नव्हती? की पाहुण्याचं पोट म्हणजे तुमच्या फ्रीजचा जादा कप्पा? बरं, हेही सोसलं. सगळं संपवून, घाम पुसत भिंतीला टेकलो, तर तीच आत्या अख्ख्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते, 'काय रे, पोट किती सुटलंय तुझं! जरा तोंडावर ताबा ठेव.' आणि सगळे हसले. ज्यांनी वाढलं तेच सगळ्यात जास्त.

जेवण झालं की लगेच आडवे व्हा. गच्च भरलेल्या जठरातलं आम्ल घशाशी येतं आणि तोंडात रेंगाळलेली गोड चव तरी जाते.

पुरे झाली थट्टा. हे उपाय जेवणाऱ्याला सांगून काय उपयोग, वाढणाऱ्यांचे कान धरायला हवेत. 'नको' म्हणजे नको. त्याचा अर्थ 'अजून एकदा विचारा' असा होत नाही. ताटावर हात दिसला की डाव मागे घ्या. भांडी मधे ठेवा, ज्याला हवं तो घेईल. शपथा घालू नका. उरलं तर डबे भरून द्या. आणि वजनावर बोलायचंच असेल तर निदान हातातला डाव खाली ठेवून बोला. जेवणाऱ्यांनो, तुम्हीही तोंड उघडून 'छान झालंय' म्हणा. पहाटेपासून राबलेल्या बाईला ते कुणी म्हणत नाही, म्हणून ती रिकाम्या ताटांवरून अंदाज बांधत बसते.

माझ्या शेजारी काका होते. त्यांना मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. 'सणाच्या दिवशी काही होत नाही,' म्हणत त्यांच्या वाटीत दुसऱ्यांदा गोड पडलं. होतं! रक्तातली साखर सुट्ट्या पाळत नाही. रात्री त्यांच्या बोटाला सुई टोचून आकडा बघायला तुमच्यापैकी कोण गेलं होतं?