युरोपातल्या सामान्य माणसाने हवामान धोरण झिडकारलं, हे खरं नाही

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हापुन्हा फिरत असतो. त्याचा सारांश असा: युरोपाने पर्यावरणाचं वेड घेतलं, म्हणून फ्रान्सची जनता पिवळी जाकिटं घालून रस्त्यावर आली, खाणकामगार देशोधडीला लागले, जर्मनी अणुभट्ट्या बंद करून पुन्हा कोळशाकडे वळला आणि शेवटी शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर आणून ‘ग्रीन डील’ (युरोपीय संघाचा हवामान कार्यक्रम) गुंडाळायला लावलं. तेव्हा हे श्रीमंतांचे चोचले आहेत, भारताने त्यांच्या नादी लागू नये. यातल्या बऱ्याचशा घटना घडलेल्या आहेत. त्यातून काढलेला अर्थ मात्र चुकीचा आहे, आणि तो कष्टकऱ्यांच्या नावाने काढला जातो याची मला जास्त चीड येते.

आधी पिवळी जाकिटं. फ्रान्समध्ये प्रत्येक गाडीत चमकदार पिवळं जाकीट ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. १७ नोव्हेंबर २०१८ ला तीच जाकिटं घालून पावणेतीन लाखांहून जास्त माणसं चौकाचौकांत उभी राहिली. निमित्त होतं इंधनावरच्या करवाढीचं: जानेवारी २०१९ पासून डिझेल लिटरमागे साडेसहा सेंटने महागणार होतं. पण त्याच वर्षाच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉन यांच्या सरकारने श्रीमंतांवरचा संपत्ती कर काढून टाकला होता आणि त्याच्या जागी फक्त स्थावर मालमत्तेवरचा कर ठेवला होता. शेअर आणि रोख्यांत पैसा असलेल्यांची सुटका झाली. विमानाच्या इंधनावर कर नव्हताच. खेड्यातली रेल्वे बंद पडलेली, दुकानं शहराबाहेर गेलेली, दवाखाना लांब. तिथल्या परिचारिकेला किंवा गवंड्याला गाडीवाचून दुसरा पर्याय नव्हता. वाढीव कराचा पैसाही बहुतांशी सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाणार होता, त्यांच्या गावातल्या बससाठी नव्हे.

या आंदोलकांची बेचाळीस मागण्यांची एक यादी तेव्हा सर्वत्र फिरली होती. त्यात करवाढ रद्द करा ही मागणी होतीच. पण घरांना थंडीपासून राखणारं अस्तर बसवण्याची मोठी योजना आखा, जहाजांच्या आणि विमानांच्या इंधनावर कर लावा, मालवाहतूक रेल्वेने करा, याही मागण्या होत्या. पर्यावरणाला विटलेली माणसं असं मागत नाहीत. त्यांचा सवाल एवढाच होता की बिल आमच्याच नावावर का फाडता?

स्वित्झर्लंडने तर हे मतपेटीतूनच सांगितलं. जून २०२१ मध्ये इंधन आणि विमानाचं तिकीट महाग करणारा कायदा ५१.६ टक्के मतदारांनी फेटाळला. जून २०२३ मध्ये, नवा कर न लावता जुने तेलाचे आणि गॅसचे हीटर बदलायला अनुदान देणारा हवामान कायदा ५९.१ टक्क्यांनी मंजूर झाला. देश तोच आणि मतदारही तेच. कर कुणालाच नको असतो, हे यातून दिसतं, ते मी नाकारत नाही. पण दुसऱ्या वेळी मंजूर झालेल्या कायद्यात २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचं (म्हणजे जितकं हवेत सोडलं तितकंच काढून घेण्याचं) बंधन आहे, हेही त्याच मतदारांनी स्वीकारलं.

आता खाणकामगार. हा मुद्दा सर्वांत जास्त दिशाभूल करतो. १९५७ च्या सुमारास पश्चिम जर्मनीत दगडी कोळशाच्या खाणींत सहा लाखांवर माणसं काम करत होती. १९५८ पासून स्वस्त तेल आणि आयात कोळसा आला आणि तिथल्या रूर या कोळसापट्ट्यातल्या खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. तेव्हा हवामान धोरण नावाची गोष्टच नव्हती. ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा संप थॅचर सरकारने मोडला आणि खाणी बंद केल्या, त्याही हवामानासाठी नव्हे. पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागातल्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणींतले बहुतेक रोजगार १९९० च्या एकीकरणानंतर दहा वर्षांत गेले, ते बाजारामुळे.

फरक पडला तो खाण बंद कशी केली यामुळे. रूरच्या बाबतीत २००७ मध्येच केंद्र, राज्यं, कंपनी आणि युनियन यांनी मिळून २०१८ हे शेवटचं वर्ष ठरवलं. अकरा वर्षं हाताशी होती. भुयारात काम करणाऱ्यांना मुदतपूर्व निवृत्ती मिळाली, तरुणांना दुसऱ्या कामाचं प्रशिक्षण. २१ डिसेंबर २०१८ ला बोट्रॉपच्या प्रोस्पर-हानिएल खाणीतून वर आलेल्या कामगारांनी कोळशाचा शेवटचा तुकडा राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हातात दिला. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद होत गेल्या तेव्हा लालबाग-परळच्या कामगाराला कुणी अकरा वर्षं आधी सांगितलं होतं का?

रूरमध्ये सारं गोड झालं असंही नाही. गेल्सनकिर्शेनमध्ये बेकारी आजही देशात सर्वाधिक असलेल्या शहरांइतकी आहे, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे उजव्या एएफडी पक्षाला सर्वाधिक मतं पडली. पेन्शन मिळाली तरी पुढच्या पिढीला काम लागतं. ते आणायला रूर कमी पडलं.

स्पेनमध्ये ऑक्टोबर २०१८ मध्ये सांचेझ सरकारने खाणकामगारांच्या युनियनशी २५ कोटी युरोंचा करार केला: खाणी बंद, पण लवकर निवृत्ती, प्रशिक्षण आणि त्या भागाच्या पुनर्बांधणीसाठी पैसा. सहा महिन्यांनी निवडणूक झाली. संशोधकांनी आकडे तपासले, तेव्हा कोळशाच्या गावांत सत्ताधारी समाजवादी पक्षाची मतं तशाच इतर गावांच्या तुलनेत वाढलेली दिसली. खाण बंद करणाऱ्या सरकारला खाणीच्या गावांनी मत दिलं!

जर्मनी कोळशाकडे वळला, हे २०२२ पुरतं खरं आहे. रशियाचा गॅस तुटला म्हणून राखीव कोळसा केंद्रं चालवावी लागली. शेवटच्या तीन अणुभट्ट्या १५ एप्रिल २०२३ ला बंद झाल्या आणि त्याच वर्षी कोळशावरची वीजनिर्मिती कित्येक दशकांतल्या नीचांकावर आली. आधी कोळसा बंद आणि मग अणुभट्ट्या, असा क्रम हवा होता, असं माझं ठाम मत आहे. पण कोळशाकडे ‘परत’ जाणं झालेलं नाही.

ट्रॅक्टरांच्या बाबतीत मजकूर सत्याच्या जवळ जातो. २०२४ च्या आंदोलनानंतर कीटकनाशकं निम्मी करण्याचा युरोपीय संघाचा प्रस्ताव मागे घेतला गेला, जूनमधल्या युरोपीय संसदेच्या निवडणुकीत हरित पक्षांच्या जागा सत्तरच्या वरून पन्नासच्या घरात आल्या. ही माघारच आहे. पण शेतकऱ्यांचा राग खतांचे भाव, स्वस्त आयात आणि हातात पडणारी किंमत यांवरही होता. युरोपीय संघाच्या शेती अनुदानाचा सुमारे ८० टक्के पैसा वरच्या २० टक्के लाभार्थींकडे जातो, याबद्दल त्या मजकुरात अक्षर नाही. आणि ग्रीन डील गुंडाळलं म्हणावं, तर २०३० पर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ५५ टक्क्यांनी घटवण्याचा कायदा कायम आहे, आणि २०२४ मध्ये युरोपीय संघात सौरऊर्जेने कोळशापेक्षा जास्त वीज दिली.

राहता राहिलं, आपण त्यांच्या नादी लागू नये हे. चंद्रपूर, घुग्घुस, वणीच्या खाणीही कधीतरी संपतील; कोळसा संपल्याने, तोटा झाल्याने किंवा धोरणाने. कायम कामगाराला निदान भविष्य निर्वाह निधी आणि पेन्शन आहे. कंत्राटी चालक, कोळसा भरणारे, खाणीच्या फाटकाबाहेर चहाची टपरी चालवणारे यांची नोंद आजच व्हायला हवी. तारीख ठरवताना त्यांच्या युनियनला आणि ग्रामपंचायतींना टेबलावर जागा मिळायला हवी, आणि पैसा कुठून येणार हे खाण बंद होण्याआधी लेखी हवं.